दोन इंच वजा

मित्रांनो, माझी लांबी विचाराल तर अठ्ठावन्न इंच. बाजारात मिळते ती टेप साठ इंचांची असते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. म्हणजे मी एक जुनी आणि वर तोकडी टेप आहे, एका शिंप्याच्या गळ्यात आयुष्य काढलेली. माझे पहिले दोन इंच कुठे गेले ते आधी सांगायला हवं, कारण या घरात पुढे जे झालं ते त्या दोन इंचांच्या आडोशानेच झालं.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी पिवळीधमक होते. आम्हा शेकडो बहिणींवर एका दमात आकडे छापले, टोकांना पितळेच्या टोप्या चढवल्या आणि गुंडाळून एकेका डबीत बसवलं. डबीवर ‘अचूक’ असा शब्द होता. इतर बहिणींचं मला ठाऊक नाही, मी तो शब्द फार मनावर घेतला.

मला आणलं त्या शिंप्याला गल्लीत सगळे मास्तर म्हणत. रस्त्याकडच्या खोलीत दुकान, मध्ये पडदा, पडद्यामागे दोन खोल्यांचं घर. दुकानात दोन मशीन, कापड बेतायचं लांब टेबल, एक उभा आरसा, आणि आरशाशेजारी एक स्टूल. मास्तर कापायचे आणि शिवायचे. त्यांची बायको, जिला गिऱ्हाइकं वहिनी म्हणत, काज-बटणं, हातशिलाई आणि मापवही सांभाळायची. मी सकाळी आठला मास्तरांच्या गळ्यात पडायचे ती दिवे लागेपर्यंत तिथेच. आंघोळ आणि झोप सोडली तर त्या माणसाच्या इतकं जवळ दुसरं कुणी नव्हतं, बायकोसुद्धा नाही.

कंबरेला मला लपेटलं की श्वास आत न ओढणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पोस्टमन ओढतो, शाळेच्या मोठ्या बाई ओढतात. एक पैलवान तर छातीला श्वास भरायचा तो कंबर मोजून होईपर्यंत सोडायचाच नाही. एकदा डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि स्टुलावर मटकन बसला. मास्तर कुणाला काही बोलत नसत. गुपचूप एक बोट माझ्या आतून सरकवत आणि तेवढी सूट धरत. त्यांनी शिवलेला कपडा कधी परत आला नाही. त्यात माझाही वाटा होता असं मी समजते. समजायला काय जातंय.

आता ते दोन इंच. मास्तरांची धाकटी मुलगी अडीच महिन्यांची असताना पडद्यामागे एकदम किंचाळली. वहिनी इस्त्री करत होत्या. त्यांनी हातातली इस्त्री उभी ठेवायच्याऐवजी आडवी टेकवली आणि धावल्या. टेबलावर मी होते. परत येईपर्यंत माझं टोक वितळून टेबलाला चिकटलं होतं. मास्तरांनी कात्री घेतली आणि बरोबर दोनच्या रेघेवर मला कापलं.

“नवी आणा की,” वहिनी म्हणाल्या.

“दोन इंचांसाठी अख्खी टेप टाकायची? उद्या माझे दोन दात पडले तर मलाही टाकशील.”

“पडू देत. मग बघू.”

नवी आली नाही. त्याऐवजी एक रीत पडली. मास्तर माझं कापलेलं टोक लावायचे आणि जो आकडा दिसेल तो मोठ्याने सांगायचे. वहिनी लिहिताना त्यातून दोन वजा करायच्या. ते म्हणणार छत्तीस, त्या लिहिणार चौतीस. गिऱ्हाईक आकडा ऐकून दचकायचं आणि वहीत डोकावून सुखावायचं. त्या सुखासाठी काही बायका कोपऱ्यावरचं मोठं दुकान सोडून आमच्याकडे येत. सहा वर्षं हे बिनचूक चाललं. चूक होण्याची सोय मात्र घरात येऊन बसली होती.

मित्रांनो, धाकटीला सगळे ठिणगी म्हणत. तिने कुठूनसा एका वॉटर पार्कचा कागद आणून दुकानाच्या आरशावर चिकटवला. शहराबाहेर उघड्या माळावर पसरलेलं पार्क. तीन वळणांची निळी घसरगुंडी, भोंगा वाजला की लाटा सुटणारा तलाव, वरून उलटणारी भली मोठी बादली. गिऱ्हाइकाला स्वतःची पाठ बघायची तर कागदाच्या कडेने बघावी लागे. पहिल्या वर्षी जायचं ठरलं आणि एका गायनमंडळाचे चाळीस झगे आले. दुसऱ्या वर्षी हॉटेलातल्या वाढप्यांचे कोट आले. दोन्ही वेळा ठिणगी रडली नाही. तिने फक्त कागदाचा सुटलेला कोपरा पुन्हा डिंकाने चिकटवला. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

तिसऱ्या वर्षी वहिनींनी सूत्रं हातात घेतली. महिनाभर आधी त्यांनी आपल्या भावाला, म्हणजे मुलींच्या मामाला, बोलावलं. त्याची सात माणसांची गाडी होती आणि जीभ गाडीपेक्षा जोरात पळायची. रविवारी सकाळी कापडाचे तागे बाजूला सारून सगळे टेबलाभोवती बसले. वहिनींनी मापवहीच्या शेवटच्या पानावर यादी केली: पंचे पाच, कोरडे कपडे एकेक जोड, ओल्यासाठी पिशवी, वाटेत खायचा डबा, उलटीच्या गोळ्या, दुकानाच्या दारावर लावायची पाटी. प्रत्येक वस्तू कुठल्या फळीवर, कुठल्या डब्यामागे आहे, तेही त्या थोरलीला सांगत होत्या. थोरली बारा वर्षांची. “मला कशाला सांगतेस? तू असशीलच ना,” ती म्हणाली. “असेन की,” वहिनी म्हणाल्या, आणि पुढची वस्तू कुठे आहे ते सांगितलं.

मी गळ्यातून बघत होते. बघायचं म्हटलं तर खूप होतं. वहिनींच्या बोटातली अंगठी सैल झाली होती. त्यांनी तिला आतून पिवळा दोरा गुंडाळला होता. तो दोरा मास्तरांनीच रिळावरून तोडून दिला होता, कशाला म्हणून न विचारता. त्यांच्या ताटातलं निम्मं अन्न ठिणगीच्या ताटात जात होतं. काज करताना त्या मधेच सुई थांबवून पोटावर मूठ दाबत आणि पुन्हा सुई चालू करत. थोरलीने हे सगळं पाहिलं होतं. आदल्याच दिवशी, मास्तर बटणं आणायला गेले असताना, ती आईला म्हणाली होती, “तू जेवत नाहीस. मी बाबांना सांगणार आहे.”

“सांग. मग तेच दुकान बंद करून मला दवाखान्यात नेतील, तपासण्या सांगतील, आणि तिची सहल गेलीच म्हणून समज. तिसऱ्यांदा. सहल होऊ दे. दुसऱ्या दिवशी जाते मी.”

“नक्की?”

“शिंप्याच्या बायकोचा वायदा आहे. एक-दोन दिवस मागेपुढे.”

थोरली हसली. ते हसू महाग पडणार होतं, पण बारा वर्षांच्या पोरीला ते कसं कळावं.

टेबलावर मामाने कागद उलटा करून मागचे नियम वाचले. सुती कपड्यांत पाण्यात उतरता येणार नाही, नायलॉनचेच हवेत, आत भाड्याने मिळतील.

“झालं तर,” मामा म्हणाला. “भाड्याने घेऊ. सगळे घेतात.”

मास्तरांनी कागद बाजूला सारला. मग म्हणाले, “कोणी शिवलेला, कोणी घातलेला, लोंबता कपडा माझ्या घरातली माणसं घालणार? गल्ली हसेल.”

“गल्ली तिथे येणार नाहीये, दाजी.”

“मी असणार ना.”

मास्तर उठले, मला गळ्यातून काढलं, आणि अख्ख्या घराचं माप घ्यायला उभे राहिले. वही थोरलीने घेतली, कारण आज वहिनींचंही माप होतं.

पहिला मामा. त्याच्या पोटाला वळसा घालताना माझी दमछाक झाली. “चव्वेचाळीस,” मास्तर म्हणाले.

“बेचाळीस,” थोरलीने लिहिलं.

“आणखी दोन कमी कर गं. पाण्यात माणूस हलका होतो.”

मग ठिणगी, जी एका जागी उभी राहीना. मग थोरली, तिचं ठिणगीने लिहिलं आणि आकडा उलटा काढला. आणि मग वहिनी आरशासमोर येऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी त्यांचं माप तीन वर्षांत घेतलं नव्हतं. दिवसाला दहा परक्या कंबरा मोजणाऱ्या माणसाला घरातली कंबर पाठ असते, म्हणून तो ती मोजत नाही.

मी त्यांच्याभोवती आले आणि मला माझं टोक नेहमीच्या जागी सापडेना. मी पुढे सरकले, आणखी पुढे.

“एकतीस,” मास्तर म्हणाले. सवयीने म्हणाले, त्यांचं लक्ष नायलॉन कुठे मिळेल यात होतं.

थोरलीने आईकडे पाहिलं. मग वहीत ठळक अक्षरांत लिहिलं, २९. तोंडाने सांगायची बंदी होती. आकडा लिहायची नव्हती.

दुपारी कापड बेतायला बसले तेव्हा मास्तरांनी वही उघडली. तीन वर्षांपूर्वीच्या पानावर कंबर चौतीस होती. आज एकोणतीस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“तू दोनदा वजा केलंस,” ते थोरलीला म्हणाले.

“नाही बाबा. एकदाच.”

“मग मीच आधी वजा करून सांगितलं असणार. घरचं माणूस, बोलता बोलता होतं असं. म्हणजे एकतीस. आणि ही टेप आता ताणली गेलीये. ताणलेली टेप कमी दाखवते. धर बत्तीस.”

“पुन्हा मोजा ना.”

पडद्यामागून वहिनींचा आवाज आला, “मोजायचं काय त्यात? मी पोट आत ओढलं होतं. सगळेच ओढतात.”

मास्तर हसले आणि बत्तीसवर खडू फिरवला.

मित्रांनो, मी ताणले गेले होते हे खरं. इतक्या वर्षांत कोण जात नाही. पण मग त्याच सकाळी मामाची कंबर मी कमी का दाखवली नाही? मामाचा कपडा अंगाला चपखल बसला. ठिणगीचा बसला, थोरलीचा बसला. एकाच बाईपुरती मी ताणलेली कशी, हा प्रश्न मास्तरांसारख्या कसबी माणसाला पडायला हवा होता. त्यांनी अज्ञानाने चूक केली असती तर मला इतकं लागलं नसतं. त्यांनी आपल्या धंद्यातलं सगळं ज्ञान एका ठिकाणी गोळा केलं आणि नको असलेला आकडा त्याखाली पुरला.

एक वाट अजून उरली होती. मास्तर ट्रायल घेतल्याशिवाय कपडा कुणाच्या हातात देत नसत. वहिनी म्हणाल्या, “पाण्यात भिजायचं कापड. त्याची कसली ट्रायल?” टेबलावर शाळेच्या गणवेशांचा ढीग होता. मास्तर म्हणाले, “बरं.”

तो दिवस उजाडला. सहाला निघायचं म्हणून ठिणगी पाचपासून बूट घालून बसली होती. दारावर पाटी लागली, गाडी भरली, आणि शहराच्या बाहेर पडल्यावर मामाने आरशात पाहून विचारलं, “दाजी, गळ्यात काय ते? पाण्याचं माप घ्यायला चाललात?”

मास्तरांनी गळ्याला हात लावला. सवयीने त्यांनी मला घातलं होतं. सगळे इतके हसले की वहिनींना ठसका लागला, आणि तो बराच वेळ थांबला नाही. म्हणून मी त्या दिवशी तिथे होते. नसते तर बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं.

दारावरच्या रखवालदाराने कपड्यांची कड बोटांत धरून पाहिली. “नायलॉन आहे. पण हे आमच्याकडचे नाहीत. कुठे मिळाले?” मास्तरांची मान ताठ झाली. बायका-मुली आपल्या खोलीत कपडे बदलायला गेल्या. मास्तर आणि मामा तलावाच्या काठावर थांबले. ठिणगी धावत आली, थोरली तिच्यामागे, आणि सर्वांत शेवटी वहिनी, पंचा गुंडाळून. त्या काठावर बसल्या, पंचा बाजूला ठेवला आणि पाय पाण्यात सोडले. भोंगा वाजला. पोरं ओरडली. पहिली लाट आली ती वहिनींच्या छातीपर्यंत, आणि परत जाताना त्यांच्या कपड्यात पाणी भरून राहिलं. पोत्यासारखं. त्या उठायला गेल्या तर दोन्ही बाजूंनी नायलॉन लोंबत होतं, आणि मधल्या अंगाचा कुठे पत्ता नव्हता.

मामा मोठ्याने म्हणाला, “आक्का, दाजींनी तुझं माप घेतलं की माझं?”

मास्तर हसले नाहीत. ते तसेच पाण्यात उतरले. त्यांनी वहिनींच्या कंबरेशी लोंबतं कापड चिमटीत धरलं, जसं ट्रायलला धरतात. चिमटीत मावेना म्हणून मुठीत धरलं. आणि त्या बत्तीस इंचांच्या कपड्यापुढे, जो त्यांनीच कापला होता, ज्याची एकेक शिवण त्यांना ठाऊक होती, त्यांना कुठलंही कारण सुचलं नाही.

त्यांनी मला गळ्यातून काढलं. त्यांचे हात ओले होते. मी दोनदा सुटले.

“तीस,” ते म्हणाले.

थोरलीकडे वही नव्हती, पेन्सिल नव्हती. ती गुडघाभर पाण्यात उभी होती. “अठ्ठावीस,” ती म्हणाली. “एकदाच वजा केलंय, बाबा. तेव्हाही एकदाच केलं होतं.”

आजूबाजूला शंभर माणसं हसत होती. मामाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

“किती दिवस?” मास्तरांनी विचारलं.

“आता इथे नको,” वहिनी म्हणाल्या. “ती निळी घसरगुंडी व्हायचीय तिची. रांगेत तुम्ही उभे राहा तिच्याबरोबर. मी बसते इथे.”

“आत्ता निघू.”

“उद्या. आजचा दिवस तिचा आहे. अहो, इतकं तरी ऐका.”

मास्तरांनी ऐकलं. ते निळ्या घसरगुंडीच्या रांगेत ठिणगीचा हात धरून उभे राहिले, मी त्यांच्या गळ्यात, आणि ते सबंध वेळ वळून वळून काठाकडे बघत होते. ठिणगी नऊ वेळा घसरली. नवव्यांदा तिने विचारलं, “बाबा, तुम्हाला मजा येत नाहीये का?” ते म्हणाले, “येतेय गं.” चारला पार्क सोडलं. गाडीत यादीप्रमाणे ओल्याची पिशवी थोरलीने भरली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना, मग मोठं रुग्णालय. पोटात गाठ होती आणि ती बरीच पसरली होती. डॉक्टरांनी दोष कुणाला दिला नाही. तीन महिने आधी आला असतात तर इलाजाला जागा होती, एवढंच म्हणाले. पार्कला जाईपर्यंतच्या त्या महिन्याने किती बिघडलं, हे मास्तरांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, असं इंचात सांगता येत नाही. इंच हा शब्द त्यांच्या तोंडून सहज गेला.

रुग्णालयाचे झगे वहिनींच्या खांद्यावरून घसरायचे. एका दुपारी मास्तर मला घेऊन गेले आणि खाटेवरच त्यांचं माप घेतलं, नीट बसेल असा झगा शिवायला. “सव्वीस,” ते म्हणाले, आणि मला तसंच धरून राहिले. वहिनींनी डोळे मिटलेले होते. “लिहा, चोवीस,” त्या म्हणाल्या. तो झगा त्यांनी अकरा दिवस घातला.

त्यानंतर दुकानात नवी टेप आली, साठ इंचांची, पितळेच्या टोप्यांची. मला मास्तरांनी टाकलं नाही आणि वापरलंही नाही. मोडलेल्या सुया, गंजल्या टाचण्या असतात त्या खणात ठेवलं. सहा वर्षं मी तिथे होते. या वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही. अंधार होता आणि वर मशीन चालायचं, पूर्वीपेक्षा सावकाश.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आमच्यासारख्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा, फेकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला फेकलं असतं त्या दिवशी, इस्त्रीच्या त्या दिवशी, तर कदाचित एक आकडा एकदाच उच्चारला गेला असता आणि त्याला पळायला वाट उरली नसती. माझं मागणं एवढंच आहे की घरच्या माणसाचं माप पाठ आहे असं समजू नका. अधूनमधून घ्या. आणि आकडा आवडला नाही म्हणून टेपला बोल लावायची घाई करू नका.

थोरलीला आता अठरावं लागलंय. वही तीच लिहिते, कापायलाही शिकलीय. गेल्या आठवड्यात नवी टेप एका गिऱ्हाइकाबरोबर चुकून गेली, म्हणून तिने खण उघडला आणि मला बाहेर काढलं. मला झटकलं, ओल्या फडक्याने पुसलं. मास्तर मशीनवर बसले होते. कंबरेचा पट्टा त्यांनी आतल्या भोकात अडकवला होता, आणि ते भोक खिळ्याने नवीन पाडलेलं होतं.

“उठा बाबा. हात वर करा.”

“मला काय झालंय? गणवेश द्यायचेत उद्या.”

“हात वर.”

त्यांनी हात वर केले. मी त्यांच्याभोवती गेले. तिने आकडा मोठ्याने सांगितला नाही. मनात दोन वजा केले, वहीत मागचं पान काढून बघितलं, आणि मास्तर बोलायला लागले. उन्हाळा आहे, जेवण हलकं घेतो हल्ली, आणि ती टेप, ती टेप तर बघ किती जुनी...

थोरलीने मशीनचा दिवा बंद केला, दारावर पाटी लावली आणि त्यांच्या चपला त्यांच्या पायांपुढे आणून ठेवल्या.

“चला,” ती म्हणाली. “आजच.”